चौतीस बी : ठरलेला आकडा आणि बदलता देह

बेंगळुरूचे नाव संगणकामुळे जगभर गाजले असले तरी हे शहर त्याआधीपासून शिलाईचे आहे आणि आजही आहे. भारतातील ब्रांच्या धंद्याचा नकाशा काढायचा झाला, तर त्यातले एक मोठे ठाणे याच शहरात दाखवावे लागेल. जॉकी या अमेरिकी नाममुद्रेचा भारतातील परवाना घेऊन १९९४ साली स्थापन झालेली पेज इंडस्ट्रीज इथली आहे, गोकलदास समूह आणि फ्रान्समधील बार्बरा ही कंपनी यांच्या भागीदारीतून २००१ साली पुढे आलेली एनॅमोर इथली आहे, आणि ऋचा कर यांनी २०११ मध्ये केवळ अंतर्वस्त्रे ऑनलाइन विकण्यासाठी सुरू केलेली झिवामेही इथलीच. होसूर रस्त्यावरचे बोम्मनहळ्ळी, वायव्येकडचे पीण्या आणि म्हैसूर रस्त्याचा पट्टा येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो कामगार आहेत आणि त्यांत स्त्रियांचेच प्रमाण फार मोठे आहे. असे असूनही याच शहरातील स्त्रीला आपल्या छातीला नीट बसणारी ब्रा सहजी मिळतेच असे नाही. माल कमी आहे म्हणून हे घडत नाही; मालावर छापलेला आकडा काय सांगतो आणि देहात काय चाललेले असते यांत जे अंतर पडते, त्यामुळे ते घडते.

हा आकडा कारखान्यात कसा जन्माला येतो ते आधी पाहिले पाहिजे. वरून साधी दिसणारी ब्रा वीस ते चाळीस सुट्या भागांची बनलेली असते: दोन कप, त्यांना छातीच्या मध्यावर जोडणारी लहानशी पट्टी, पाठीमागे जाणारा ताणला जाणारा पट्टा, खांद्यावरचे बंद, ते लांब-आखूड करणारी कडी आणि सरकपट्टी, कपाखालची तार, ती तार जिच्यात बसते ती कापडी नळी, आणि हुकांची पट्टी. एका रांगेत बसलेल्या कामगारांपैकी एकीकडे फक्त कपाचे दोन तुकडे जोडण्याचे काम असते, दुसरीकडे पट्ट्याच्या कडेला ताणून इलॅस्टिक लावण्याचे, तर तिसरी झिगझॅग मशीनवर तारेची नळी बसवते. झिगझॅग टाका अशासाठी, की सरळ टाका ताण पडताच तुटतो आणि नागमोडी टाका कापडाबरोबर ताणला जातो. तारेच्या दोन्ही टोकांशी बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट मारलेले टाके, घालावे लागतात. ते ढिले पडले, तर काही धुण्यांत तार बाहेर येऊन काखेत टोचू लागते. पट्ट्याला इलॅस्टिक लावताना ते किती ताणायचे, यात थोडीशी चूक झाली तरी चौतीसचा पट्टा छत्तीससारखा वागतो. एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन ब्रा अंगावर वेगळ्या का बसतात, याचे एक कारण इथे सापडते.

नमुना बहुधा एकाच मध्यम मापावर, बऱ्याचदा चौतीस बी या मापावर, तयार करतात आणि तो त्या मापाच्या स्त्रीच्या अंगावर चढवून पाहतात. तो पटला की पुढची-मागची मापे ठरावीक अंतराने वाढवत किंवा घटवत जातात. या कामाला ग्रेडिंग म्हणतात. मूळ मापाच्या आसपास हे गणित बरे चालते, पण त्यापासून जितके दूर जावे तितके ते लटके पडते, कारण मोठा स्तन ही लहान स्तनाची प्रमाणात वाढवलेली प्रत नसते: त्याचा पाया किती रुंद आहे, तो छातीपासून किती पुढे येतो आणि भार कुठे एकवटतो, हे सगळे वेगळ्या प्रमाणात बदलते. म्हणून डी कपाच्या पुढच्या मापांसाठी काळजीपूर्वक काम करणारे कारखाने नमुना नव्याने आखतात. तो खर्च टाळणारेही पुष्कळ आहेत, आणि त्याची किंमत भरलेल्या छातीची स्त्री खांद्यावरच्या वळांनी चुकवते.

ज्या स्त्रिया हे काम करतात त्यांची नोंद आर्थिक बातम्यांत क्वचितच होते. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम केंद्र सरकारने आणला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, होसूर रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांच्या आत सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. मापांच्या चर्चेत हा प्रसंग आडवाटेचा वाटेल. पण शहराला त्या दिवशी ज्यांची दखल घ्यावी लागली, त्यांच्याच हातांखालून देशातल्या ब्रांचा मोठा भाग जातो, हे मापांचा हिशेब मांडणाऱ्यांनी विसरू नये.

आता देहाकडे. स्तनात स्नायू नसतो. तो छातीच्या स्नायूंवर विसावलेला असतो आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दूध वाहून नेणाऱ्या नलिका, चरबी आणि या सर्वांना धरून ठेवणारे तंतूंचे जाळे यांचा बनलेला असतो. या तंतूंना इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा स्तनाच्या रचनेवरील ग्रंथ १८४० साली प्रसिद्ध झाला. त्वचा आणि हे तंतू मिळून स्तनाला आधार देतात. व्यायामाने छातीचे स्नायू बळकट होतात, पण स्तन त्यामुळे लहान-मोठा होत नाही, आणि मालिशच्या तेलांच्या जाहिराती जे आश्वासन देतात त्यालाही काही आधार नाही. ग्रंथी आणि चरबी यांचे प्रमाण स्त्रीगणिक वेगळे असते. ज्यांच्या स्तनात चरबी अधिक असते त्यांची छाती वजनाबरोबर चटकन वाढते किंवा ओसरते, तर ग्रंथी अधिक असलेल्या स्त्रीचे वजन पाच-सात किलो उतरले तरी कप तोच राहून फक्त पट्टा सैल पडलेला दिसतो. स्तनाचा काही भाग काखेकडे शेपटीसारखा गेलेला असतो. लहान कपाची ब्रा घातली की तोच भाग बाजूने बाहेर डोकावतो, आणि पुष्कळ जणी त्याला काखेतली चरबी समजून बसतात.

वाढीची सुरुवात बहुतेक मुलींमध्ये आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान होते. स्तनाग्राखाली लहानशी, दुखरी गाठ लागते, आणि ती बरेचदा आधी एकाच बाजूला लागल्यामुळे घर घाबरून जाते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला काही वर्षे लागतात आणि त्या काळात दोन्ही बाजू एकाच वेगाने वाढतीलच असे नाही. पूर्ण वाढ झाल्यावरही दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असणे हा नियम नसून अपवाद आहे. म्हणून कप नेहमी मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावा आणि लहान बाजूचा बंद थोडा आवळावा, हा साधा उपाय खरे तर शाळेतच सांगायला हवा. प्रत्यक्षात पहिली ब्रा आई किंवा मावशी अंदाजाने घेऊन येते, ती मापून पाहिली जात नाही, आणि ‘आता अंग झाकून राहा’ या सूचनेबरोबरच हातात पडल्यामुळे ते आधाराचे वस्त्र आहे ही गोष्ट बाजूलाच राहते. ब्रिटनमध्ये २,०८९ शाळकरी मुलींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो असे ४६ टक्के मुलींनी सांगितले. भारतातील शाळांच्या मैदानांवरून आठवी-नववीतल्या मुली हळूहळू दिसेनाशा का होतात, याची कारणे शोधणाऱ्याने हा धागा सोडू नये.

त्यानंतर दर महिन्याचा फेर असतो. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, बीज सुटून गेल्यावर, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे, म्हणजे ग्रंथीतून रक्तात मिसळणाऱ्या रासायनिक संदेशवाहकाचे, प्रमाण वाढते. स्तनातील ग्रंथी फुगतात, ऊतींत पाणी साचते, छाती भरून येते, जड होते, हुळहुळते, आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत पुन्हा उतरते. काही जणींना हा फरक जाणवतही नाही, तर काही जणींना तो जवळजवळ एका कपाएवढा भासतो. याचा सरळ अर्थ असा, की महिन्यातील वेगवेगळ्या दोन दिवशी घेतलेली एकाच स्त्रीची मापे वेगळी येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मोजायचेच असेल तर पाळी संपल्यानंतरचा आठवडा त्यातल्या त्यात स्थिर असतो, आणि छाती भरण्याच्या दिवसांसाठी थोडी मोठी, तारेविना ब्रा वेगळी ठेवणे हे महागड्या ब्रेपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. गर्भनिरोधक गोळ्या आणि काही अन्य औषधांमुळेही असाच फुगवटा येऊ शकतो.

गरोदरपणात तर माप धरून ठेवणेच निरर्थक होते. पहिल्या तिमाहीपासून ग्रंथी वाढू लागतात आणि स्तनाग्राभोवतीचे वलय गडद होते; पुढे बरगड्यांचा पिंजरा रुंदावतो आणि पट्ट्याचे मापही बदलते. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते तेव्हा स्तन काही तासांत ताठ होतात. या काळात घट्ट, तारेची ब्रा घातली तर एका भागातले दूध नीट निघत नाही, गाठी धरतात आणि कधी जळजळ होऊन ताप येतो. सातव्या महिन्यात हौसेने खरेदी केलेल्या तीन-तीन ‘नर्सिंग ब्रा’ पुढे कपाटातच पडून राहतात त्या याच कारणाने. एक घ्यावी आणि बाकीच्या दूध स्थिरावल्यानंतर घ्याव्यात. अंगावर पाजल्याने छाती ओघळते ही समजूत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच पसरलेली आहे. केंटकी विद्यापीठातील शल्यविशारद ब्रायन रिंकर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र ओघळण्याचा संबंध वय, गरोदरपणांची संख्या, शरीराचे वजन, आधीचा मोठा आकार आणि धूम्रपान यांच्याशी आढळला, पाजण्याशी आढळला नाही. बाळाला पाजणे लवकर सोडायला लावणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचवणे दुकानातल्या कोणत्याही सल्ल्याहून मोलाचे आहे.

पाळी बंद होण्याच्या वयात ग्रंथी आक्रसतात, त्यांची जागा चरबी घेते, तंतूंचा ताण कमी होतो; स्तन मऊ होतो, त्याचा वरचा भाग रिता पडतो आणि भार खाली उतरतो. कपाचे अक्षर तेच राहिले तरी आकार वेगळा झालेला असतो, म्हणून तिशीत छान बसणारा कप पंचावन्नाव्या वर्षी वरून चुरगळतो. पुष्कळ स्त्रिया याचा अर्थ ‘आपली छाती गेली’ असा लावून लहान कप घेतात आणि तो खालून कापतो. खरे तर त्यांना वरून कमी उंचीचा, तळाशी भरीव कप हवा असतो.

हे सगळे बदल बहुधा दोन्ही बाजूंना, हळूहळू आणि वेदनेसह वा वेदनेविना होतात. एकाच स्तनाचा आकार अचानक बदलणे, त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, न दुखणारी टणक गाठ लागणे ही लक्षणे मात्र मापाच्या फितीची नसून डॉक्टरांची आहेत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हातांनी तपासणी केल्यावर पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

देह असा सतत हलत असताना पूर्वीचे वस्त्र त्याच्याबरोबर हलत असे. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात स्त्रिया ज्या खणाच्या चोळ्या घालत, त्यांचा खण बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या मागांवरून महाराष्ट्राच्या बाजारपेठांत येई. ती चोळी पुढे दोन पदरांची गाठ मारून बांधायची असल्याने छाती भरलेल्या दिवशी गाठ सैल आणि उतरलेल्या दिवशी घट्ट बसे. गरोदर स्त्रीला आणि ओल्या बाळंतिणीलाही तीच चालत असे. पुढे ब्लाउज आला आणि त्याबरोबर शिंपी. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बेंगळुरूशी जडलेला मराठी माणसाचा संबंध आजही इथल्या नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांच्या घरांत मराठी बोलीच्या रूपाने टिकून आहे, आणि कापड, रंग व शिलाई हे या समाजांचे परंपरागत व्यवसाय. शिंप्याकडे मापाला म्हणून जुना ब्लाउज दिला जातो, कटोरी की चार टक्स हे ठरते, आणि आतल्या शिवणीत बोटभर माया ठेवली जाते, ज्यायोगे अंग भरल्यावर टाके उसवून ब्लाउज सोडवता येतो. कारखान्यातल्या ब्रेला माया नसते. तिच्यात बदलासाठी ठेवलेली जागा म्हणजे हुकांच्या दोन-तीन रांगा आणि खांद्यावरची सरकपट्टी, एवढीच.

कपांना अक्षरे देण्याची रीत फार जुनी नाही. मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ साली अमेरिकेत ज्या ब्रेचे एकस्व मिळाले तिला कपाचे माप असे नव्हतेच. मिशिगन राज्यातील एस. एच. कॅम्प अँड कंपनीने १९३२ च्या सुमारास ए ते डी ही अक्षरे स्तनाच्या ठेवणीशी जोडली, वॉर्नर या कंपनीने १९३७ मध्ये ती आपल्या मालावर आणली, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. या पद्धतीत एक गोष्ट ग्राहकाला कुणी नीट सांगत नाही: कपाचे अक्षर एकट्याने काहीच सांगत नाही. अक्षर म्हणजे पट्ट्याचे माप आणि छातीचे भरीव माप यांतले अंतर असते. एक इंच अंतर असल्यास ए, दोन इंच असल्यास बी, तीनला सी, चारला डी आणि पाचला डबल डी. त्यामुळे बत्तीस सी, चौतीस बी आणि छत्तीस ए यांच्या कपांत मावणारा स्तन सारखाच असतो, फक्त पट्टा वेगळा असतो. धंद्यात यांना सिस्टर साइझ म्हणतात. ‘डी म्हणजे फार मोठी’ ही समजूत म्हणूनच निराधार आहे. तीस डी मापाची स्त्री अंगाने सडपातळ आणि दिसायला अगदी बेताची असू शकते.

दुसरा घोळ पट्ट्याच्या मापाचा. जुन्या रीतीत स्तनाखालचा घेर मोजून त्यात चार किंवा पाच इंच मिळवत आणि येणाऱ्या सम आकड्याला पट्ट्याचे माप म्हणत. पट्ट्याचे कापड ताणले जात नसे त्या काळात ही रीत रुजली असे सांगितले जाते. १९५८ साली जोसेफ शिव्हर्स यांनी ड्युपाँट कंपनीत ताणला जाणारा इलॅस्टेन धागा तयार केला, जो लायक्रा या नावाने ओळखला जातो. त्यानंतर पट्टे ताणले जाऊ लागले, तरी अधिक चारचे गणित कित्येक दुकानांतल्या तक्त्यांत तसेच राहिले. त्याचा परिणाम एका उदाहरणात दिसतो. स्तनाखालचा घेर तीस इंच आणि छातीचा सर्वांत भरीव घेर पस्तीस इंच असलेल्या स्त्रीला जुनी रीत चौतीस ए सांगते. चार इंच न मिळवता मोजल्यास तिचे माप तीस डबल डी येते, आणि तीसचा पट्टा आपल्या बाजारात दुर्मिळ असल्याने सिस्टर साइझनुसार बत्तीस डी. चौतीस ए आणि बत्तीस डी या ब्रा समोरासमोर ठेवल्या, तर एकाच स्त्रीसाठी त्या सुचवल्या आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पोर्ट्समथ विद्यापीठात जोआना स्कर यांच्या नेतृत्वाखाली स्तनांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या गटाने २०१२ मध्ये फितीने मोजण्याच्या रूढ रीतीची तुलना तज्ज्ञांच्या अंगावर घालून पाहण्याच्या रीतीशी केली, तेव्हा फितीने पट्टा ७६ टक्के स्त्रियांत गरजेपेक्षा मोठा आणि कप ८४ टक्के स्त्रियांत लहान सांगितला. याउलट, ‘ऐंशी टक्के स्त्रिया चुकीच्या मापाची ब्रा घालतात’ हे वाक्य जाहिरातींत जितक्या ठामपणे येते तितका त्याचा पाया भक्कम नाही. २००८ सालच्या ज्या शास्त्रीय निबंधाचा दाखला त्यासाठी वारंवार दिला जातो, त्यात केवळ तीस तरुणींची तपासणी होती. चुकीच्या मापाचे प्रमाण मोठे असणार यात शंका नाही, पण भीती घालून माल खपवण्यासाठी वापरलेला आकडा आणि मोजून काढलेला आकडा यांत फरक केला पाहिजे. भारतीय देहांच्या मापांसाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची त्रिमिती स्कॅनरने मापे घेण्याची ही योजना. तोवर या देशातील कपड्यांच्या मापांचे तक्ते पाश्चात्त्य देहांवरून उसने घेतलेले होते. उभ्या देहाच्या स्कॅनमधून स्तनाचा मऊपणा किंवा महिन्याचा फेर कळत नाही, हे मात्र अशा तक्त्याकडून फार अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

बेंगळुरूचा बाजार या बाबतीत दोन तोंडांचा आहे. चिकपेटेच्या घाऊक गल्ल्यांत आणि कमर्शियल स्ट्रीटच्या आसपासच्या लहान दुकानांत काउंटरच्या पलीकडून ‘सैझ एष्टु’, म्हणजे माप किती, एवढेच विचारले जाते, ग्राहक हलक्या आवाजात आकडा सांगते, आणि खोके उघडून माल पुढे येतो. स्वस्त मालावर पुष्कळदा अक्षर नसतेच, केवळ बत्तीस, चौतीस, छत्तीस. कप साधारण बी धरलेला. घालून पाहण्याची सोय नाही आणि परतही घेत नाहीत, म्हणून छाती वाढली की स्त्री कप वाढवण्याऐवजी आकडा वाढवते, आणि पट्टा पाठीवर वर चढू लागतो. मॉलमधल्या दुकानांत घालून पाहण्याच्या खोल्या आणि माप घेणाऱ्या मुली आहेत, पण तिथल्या किमती कारखान्यात तीच वस्तू शिवणाऱ्या स्त्रीच्या आवाक्यातल्या नाहीत. ऑनलाइन विक्रीने संकोचाचा अडसर दूर केला हे तिचे खरे काम; काउंटरवरचा पुरुष नाहीसा झाल्यामुळे डी आणि डबल डीची मागणी प्रथमच उघड झाली. त्यातला पैसा मोठ्या भांडवलाच्याही लक्षात आला: २०२० ते २०२२ या काळात झिवामे, अमान्ते आणि क्लोव्हिया या तिन्ही नाममुद्रा रिलायन्सच्या छत्राखाली गेल्या. मराठीत हा विषय मोकळेपणाने चर्चेत आला तो जुलै २०२१ मध्ये, अभिनेत्री हेमांगी कवी यांच्या ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ या समाजमाध्यमावरील लेखामुळे, आणि त्यावर उठलेल्या गदारोळात मापाविषयी जवळजवळ कुणीच बोलले नाही.

माप बरोबर आहे की नाही हे शेवटी फितीपेक्षा अंगावर ठरते. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे, कारण पुढे इलॅस्टिक ढिले पडत जाते तसतसे आतल्या हुकांवर सरकता येते. पट्टा पाठीवर पुढच्याच पातळीत, जमिनीला समांतर राहावा आणि त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. बहुतेक भार या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्याच्या बंदांनी नव्हे. तार असल्यास मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकलेली असावी आणि तारेचे टोक स्तनावर नव्हे, तर स्तनाच्या मागे बरगडीवर यावे. ब्रा घातल्यावर पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घेतला की खरा कप कळतो. तसे केल्यावर वरून उसळी आली तर कप लहान, चुण्या पडल्या तर मोठा किंवा वेगळ्या आकाराचा. हात वर केल्यावर ब्रा वर सरकत असेल, तर पट्टा सैल आहे.

धावताना स्तन केवळ वर-खाली होत नाहीत. ते आडवे आणि पुढे-मागेही हलतात. २००८ पासून बेंगळुरूत दरवर्षी होणाऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत ज्या हजारो स्त्रिया धावतात त्यांना साधी ब्रा पुरत नाही ती यामुळे. लंडन मॅरेथॉनमधील धावपटू स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींनी स्तनदुखी सांगितली होती. लहान छातीला दाबून धरणारी स्पोर्ट्स ब्रा चालते, मोठ्या छातीला मात्र दोन्ही स्तन वेगळे धरणारे कप हवेत. १९७७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे तीन स्त्रियांनी पुरुषांचे दोन खेळाचे लंगोट जोडून पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली, हे कळले की या वस्त्राचा शोध इतका उशिरा का लागला, असा प्रश्न पडतो.

निगा हा भाग लहान आहे पण दुर्लक्षित. गरम पाणी आणि यंत्राची पिळणी इलॅस्टेनचा जीव घेते. बेंगळुरूच्या पेइंग गेस्ट खोल्यांत, आणि पुण्या-मुंबईच्या चाळींतही, ब्रा टॉवेलखाली किंवा ओढणीखाली झाकून वाळत घालतात. सावली इलॅस्टेनला मानवते, पण वारा न लागल्याने कापड दमट राहते आणि तेच अंगावर चढवल्यावर स्तनाखालच्या घडीत खाज आणि बुरशी धरते. त्यावर मलम लावत राहण्यापेक्षा दोरीवरचे पांघरूण काढणे स्वस्त पडते.

काळ्या रंगाची किंवा तारेची ब्रा घातल्याने कर्करोग होतो, हा संदेश मोबाइलवरून अधूनमधून फिरत असतो. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पाळी बंद झालेल्या हजारावर रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात ब्रा घालण्याचे तास, तार किंवा कपाचे माप यांपैकी कशाचाही या रोगाशी संबंध दिसला नाही. रोग मात्र खरा आहे. बेंगळुरूत किडवई स्मारक कर्करोग संस्थेकडे १ जानेवारी १९८२ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालू आहे, आणि शहरातील स्त्रियांच्या कर्करोगांत आता स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. ज्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेने काढला जातो त्यांच्यासाठी मापाचा प्रश्न नव्याने सुरू होतो. एका बाजूचे वजन नाहीसे झाल्याने खांदा उचलला जातो, ब्रा त्या बाजूला वर चढते. म्हणून जखम भरल्यानंतर तेवढ्याच वजनाचा सिलिकोनचा कृत्रिम स्तन बसवतात. तो महाग पडतो. मुंबईतील साईशा इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था सुती दोऱ्याने विणलेले, हलके कृत्रिम स्तन विनामूल्य देतात. दोन्ही प्रकारांसाठी कपाच्या आत खिसा असलेली ब्रा लागते आणि ती तयार मिळाली नाही, तर मऊ होजिअरीचा तुकडा कपाच्या आतून तीन बाजूंनी शिवून काखेकडची बाजू उघडी ठेवल्यास कोणताही शिंपी साध्या ब्रेचा तसा खिसा करून देऊ शकतो. टाका तारेच्या नळीतून जाऊ द्यायचा नाही आणि व्रणावर शिवण येऊ द्यायची नाही, एवढीच काळजी. हात वर नेणे जड जाते त्या पहिल्या काही आठवड्यांत पुढून हुक असलेली, रुंद बाजूपट्टीची सुती ब्रा सोयीची पडते. किरणोपचार चालू असताना त्वचा लाल आणि हळवी झालेली असते व सूज महिनोन्‌महिने कमी-जास्त होत राहते, म्हणून कायमची महागडी ब्रा ती सूज उतरल्यानंतर, दोन्ही घेर पुन्हा मोजूनच घ्यावी.